चिडचिडीमागचे दुःख
आज चर्चमधील उपासनेनंतर एका आईने आपला ९ वर्षांचा मुलगा फार हट्टी झाल्याची तक्रार केली, आणि मीही मान डोलावणारच होते. परंतु मुलांमधील नैराश्य पुष्कळदा रडण्यातून नव्हे, तर चिडचिड, वारंवार दुखणारे पोट आणि खेळावरून उडालेले मन यांतून दिसते. मोठ्यांमध्ये उदासी किंवा कशातच रस न वाटणे २ आठवडे टिकले, झोप आणि भूक बिघडली, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. अशा दुःखावर ‘देवावरचा विश्वास कमी पडला’ हे आपले (माझेही) ठरलेले उत्तर आता मला क्रूर वाटते. मरण मागणाऱ्या एलीया या बायबलमधील संदेष्ट्याला देवाने आधी उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, भाकर आणि पाणी दिले, आणि पुन्हा झोपू दिले. उद्या त्या मायलेकांसोबत मीही दवाखान्यात जाणार आहे.