कॅस्केड्समधल्या हकलबेऱ्या: या मोसमाची नोंद

या मोसमात एक टप्पा पार पडला. व्हॅक्सिनियम मेम्ब्रेनेशियम आणि व्हॅक्सिनियम डेलिसिओसम या हकलबेरीच्या दोन जाती आता झुडपावर फळ नसतानाही ओळखता येतात. दुसरी एक जोडी अजून अडून बसली आहे, तिच्याविषयी शेवटी लिहितो.

नव्याने नाद लागलेल्यांसाठी आधी एक खुलासा. हकलबेरी हे रानफळ. इथे वॉशिंग्टन राज्यात, कॅस्केड्स पर्वतरांगेत, ज्यांना हकलबेरी म्हणतात त्या सगळ्या व्हॅक्सिनियमच, म्हणजे ब्लूबेरीच्याच प्रजातीतल्या. पूर्व अमेरिकेतली हकलबेरी वेगळी, ती गेलुसेशिया. तिच्या फळात दहा टणक बिया असतात, दाताखाली कचकन येतात. तिकडच्या काळ्या हकलबेरीचं पान उलटं करून भिंगाखाली धरलं, तर राळेचे पिवळे ठिपके चमकतात. त्यामुळे ‘बिया मोजा’ ही तिकडची खूण इकडे काहीच कामाची नाही.

लहानपणी करवंद फोडून कोंबडा की कोंबडी बघायचो, ती सवय मात्र इथे उपयोगी पडते. दुकानातली ब्लूबेरी आतून फिकट हिरवट निघते. मेम्ब्रेनेशियम आतपर्यंत जांभळी, बोटं रंगवणारी. शिवाय दुकानातल्या जातीला घोस लागतात. हिचं फळ पानाच्या बेचक्यात एकेकटं.

आता पान. मेम्ब्रेनेशियमचं पान पातळ, टोकदार, आणि कडेला बारीक दाते बुडापासून शेंड्यापर्यंत सलग. डेलिसिओसमचं पान टोकाकडे रुंद आणि गोलसर, दाते साधारण वरच्या अर्ध्या भागातच, आणि मागची बाजू निळसर पांढुरकी. ही मागची बाजू न चुकता बघा, कारण सेस्पिटोसम ही तिसरी बुटकी जातही दिसायला तशीच, पण तिचं पान मागून स्वच्छ हिरवं असतं. फळ मिळालंच तर डेलिसिओसमचं निळं, बोटाने पुसला जाणारा पांढरा थर असलेलं. मेम्ब्रेनेशियमचं काळं किंवा गर्द जांभळं, कधी तांबूस, आणि बहुधा चकचकीत. माउंट रेनियरच्या पॅराडाइझ भागातल्या कुरणांत डेलिसिओसम मनसोक्त बघायला मिळते.

मेम्ब्रेनेशियमसाठी माउंट ॲडम्सजवळच्या सॉटूथ बेरी फील्ड्सला तोड नाही. तिथे वणव्यांनी आणि मूळ रहिवाशांनी मुद्दाम लावलेल्या आगींनी जंगल मोकळं ठेवलं होतं. आगी थांबल्या तशी झाडं आत सरकली. १९३२ साली वनखातं आणि तिथल्या मूळ रहिवाशांपैकी याकामा लोकांत हस्तांदोलनाने करार झाला आणि काही भाग त्यांच्या तोडणीसाठी राखीव राहिला. जाल तर फलक वाचून जा, त्या भागात हात लावू नका.

लाल हकलबेरीबद्दल फार लिहायला नको. कुजक्या बुंध्यावर उगवलेलं, हिरव्या कंगोरेदार फांद्यांचं झुडूप दिसलं की ती पार्व्हिफोलियम.

अडलेली जोडी म्हणजे ओव्हॅलिफोलियम आणि अलास्केन्स. पुस्तकी फरक असा: पहिलीचा देठ बारीक आणि वाकडा, फुलं पानांआधी येणारी आणि रुंदीपेक्षा लांब, दुसरीचा देठ सरळ आणि फळाखाली जाडसर, फुलं पानांबरोबर किंवा नंतर, पानामागच्या मधल्या शिरेवर विरळ केस. स्नोक्वाल्मी खिंडीजवळच्या उतारावर मला सरळ देठाची, पण फळावर पहिलीसारखा पांढरा थर असलेली झुडपं सापडली. शिरेवरचे केस काही पानांवर आहेत, काहींवर नाहीत. बरेच वनस्पतिशास्त्रज्ञ या दोन्ही एकच जात मानतात आणि हा उतार पाहून माझाही कल तिकडेच आहे. पण फुलं बघितल्याशिवाय नोंदवहीत नाव लिहिणार नाही. झुडपांच्या जागा फोनवर नोंदवून ठेवल्या आहेत. बर्फ वितळताच जाऊन आधी फूल येतं की पान, तेवढंच बघायचं आहे. कुणाकडे वसंतातले, कळी आणि पालवी एकाच फांदीवर दिसणारे फोटो असतील तर जरूर दाखवा, सोबत त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंचीही सांगा.