चार ओळींसाठी चौदा आठवडे

सदुसष्टाव्या दिवशी मेल आली. बराच काळ हालचाल नाही, म्हणून तुमची पुल रिक्वेस्ट बंद करत आहोत. पुल रिक्वेस्ट म्हणजे मी केलेला बदल मूळ अ‍ॅपमध्ये घ्या, अशी विनंती. हालचाल माझ्याकडून व्हायची नव्हतीच. कोड मी दिला होता, चाचण्या हिरव्या, म्हणजे पास, होत्या, तपासणाऱ्यानं बघायचं तेवढं राहिलं होतं. साठ दिवस कुणी काही बोललं नाही की बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, 'शिळं' असा शिक्का मारतो आणि आणखी सात दिवसांनी दार लावतो. खोळंबलंय कोण आणि खोळंबा कुणामुळे, हे तो बघत नाही. मला त्याचा राग अजून येतो.

काम चार ओळींचं होतं. आमच्या शेतकरी गटाच्या बैठकांच्या नोंदी मी एका मुक्त-स्रोत (कोड कुणालाही बघता-बदलता येतो अशा) अ‍ॅपमध्ये ठेवते. एकदा तात्या म्हणाले, "अगं, 'शेतकऱ्यांची यादी' शोधली तर अर्ध्याच नोंदी येतायत. बाकीच्या गेल्या कुठं?" कुठंच गेल्या नव्हत्या. लॅपटॉपच्या कीबोर्डनं 'ऱ्या' एका पद्धतीनं लिहिला होता, मोबाइलनं दुसऱ्या. एकात साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह आणि य. दुसऱ्यात नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ऱ, हलन्त आणि य. डोळ्यांना दोन्ही सारखेच. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत. तिचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे सारखी रूपं एक करणं, तेही या दोन रूपांना एक करत नाही, त्यामुळे शोधणाऱ्या प्रोग्रामला ते दोन वेगळे शब्द वाटतात. शोधण्याआधी पहिलं रूप दुसऱ्यात बदलून घ्यायचं, एवढंच मी केलं.

गिट, फोर्क, ब्रांच हे कोड बदलून पाठवायचं तंत्र दोन रविवारांत जमलं. ते शिकवणारे पुष्कळ आहेत. वाट कशी बघायची हे मात्र कुणी शिकवत नाही.

बंद झाल्याच्या रात्री मी तीनदा रागाचं उत्तर लिहिलं आणि तीनदा खोडलं. ते खोडलं हे बरं केलं. सकाळी प्रकल्पाच्या गप्पांच्या खोलीत जाऊन, जमेल तशा इंग्रजीत, एवढंच विचारलं: हे का अडलंय, आणि मी काय करू? हा प्रश्न मी तिसऱ्या आठवड्यातच विचारायला हवा होता. तुम्ही दहा दिवसांपेक्षा जास्त थांबू नका. विचारणं म्हणजे त्रास देणं, हे माझ्या मनानं घेतलं होतं. तिथं तसं कुणी मानत नव्हतं.

तासाभरात तपासणाऱ्याचं उत्तर आलं. त्याला देवनागरी वाचता येत नव्हती. चुकीचं काही मंजूर होऊन दुसऱ्या कुणाचा शोध बिघडेल, या भीतीनं त्यानं हात लावला नव्हता. त्यानं सुचवलं, न दिसणारी चिन्हं सरसकट काढून टाकू, काम सोपं होईल.

इथं मी जन्मातली सगळ्यात लांब कमेंट लिहिली. ते चिन्ह काढलं की 'दऱ्या'चं 'दर्या' होतं. एक डोंगरातली, दुसरा समुद्र. 'आचाऱ्यांना' वाढायला बोलावलं तर 'आचार्यांना' निरोप जाईल. नुसतं लिहून भागलं नाही. चारही शब्द मोठ्या अक्षरांत लिहून त्याचं चित्र लावलं, प्रत्येक अक्षराखाली त्याचा युनिकोड क्रमांक लिहिला, आणि अर्थ शेजारी. तुमच्या लिपीतली चूक दाखवताना पहिल्याच दिवशी हे चित्र जोडा. समोरच्याला जे दिसतच नाही, ते तो मंजूर तरी कसं करणार? माझ्या साठ दिवसांतले निम्मे हे चित्र नसल्यापायी गेले असं मला वाटतं. निम्मे बॉटच्या खात्यावर.

संध्याकाळी नेपाळच्या एका मुलीनं खाली लिहिलं, आमच्याकडे 'गर्‍यो' शोधताना असंच होतं. ते वाचून मी खुर्चीतून उठलेच. तिनं नेपाळी शब्दांच्या चाचण्या लिहिल्या, मी मराठी. आम्ही दोघींनी एकमेकींचा कोड तपासला. पुल रिक्वेस्ट पुन्हा उघडली, चौदाव्या आठवड्यात कोड मुख्य शाखेत, म्हणजे अ‍ॅपच्या मूळ कोडमध्ये, गेला. तात्यांना फोन केला. त्यांनी तिथल्या तिथं शोधून बघितलं आणि म्हणाले, "सगळ्या आल्या बघ."

त्यानंतर मी बॉटवर काम केलं. 'तपासणीच्या प्रतीक्षेत' असं लेबल असेल तर त्याला हात लावायचा नाही, अशी सूट त्या बॉटच्या सेटिंगमध्ये देता येते. ती मागणारा बदल पाठवला, आणि तो दोन दिवसांत मंजूर झाला. मूळ दुरुस्तीपेक्षा मला याचा अभिमान जास्त आहे.

एक सांगायचं राहिलं. काही प्रकल्पांत प्रत्येक कमिटखाली, म्हणजे नोंदवलेल्या बदलाखाली, 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ लागते. हा कोड द्यायचा मला हक्क आहे, एवढीच ती हमी. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ही पद्धत २००४ मध्ये आली. ती ओळ नसली तर चाचणी लाल होते आणि कारण पटकन सापडत नाही. माझा एक अख्खा शनिवार त्यात गेला.