बार्सिलोना : पट्टा पायात अडकवून पाहिलेला समुद्र

बार्सिलोनाला निघण्यापूर्वी, ते शहर पाहून आलेल्या आमच्या ओळखीच्या लोकांनी गौदी या वास्तुविशारदाने उभारलेल्या तिथल्या इमारतींपेक्षा खिसेकापूंचीच वर्णने अधिक रंगवून केली होती. परिणामी विमानतळावरून मी आणि माझी धाकटी बहीण प्लासा दे कातालुन्या या मध्यवर्ती चौकात उतरलो, तेव्हा दोघींनी बॅगा छातीशी अशा कवटाळल्या होत्या, की नवख्या म्हणून आम्हाला कोणीही लांबूनच ओळखले असते. सावधगिरीचा हा प्रकार पुरेसा नसतो, हे दुसऱ्याच दिवशी कळले.

चौकातून समुद्राकडे उतरणारा ला राम्ब्ला हा साधारण सव्वा किलोमीटरचा रस्ता मधोमध पादचाऱ्यांसाठी मोकळा असून वाहने दोन्ही कडांनी जातात. खालच्या टोकाला अंगाला रंग फासून निश्चल उभे राहणारे कलावंत असतात आणि त्याच्याही पलीकडे कोलंबसाचा ६० मीटर उंच स्तंभ दिसतो. अशा ठिकाणी घोळक्यात उभे राहून वर किंवा समोर पाहत असताना आपला हात बॅगेवरून केव्हा सुटतो, हे आपल्यालाच समजत नाही. अंगावर धावून येण्यापेक्षा समोरच्याचे लक्ष दुसरीकडे वळवून हात साफ करणे, हीच इथल्या चोरांची मुख्य रीत आहे.

आमची पाळी मात्र रस्त्यावर नव्हे, तर त्याच रस्त्याखालच्या लिसेऊ मेट्रो स्थानकात आली. दार मिटण्याची सूचना वाजत असताना आमच्या पुढची बाई डब्यात पाऊल टाकून एकाएकी थबकली आणि काहीतरी पडल्यासारखी खाली वाकली. त्याच वेळी मागून दोघे जण घाईत असल्याप्रमाणे रेटू लागले. बहीण साहजिकच त्या बाईला सावरायला वाकली. दार मिटता मिटता मागचे दोघे आणि ती बाई, तिघेही फलाटावर उतरून गेले. ‘ताई, बॅगेची चेन उघडी आहे,’ असे बहिणीने सांगितले तेव्हा गाडी बोगद्यात शिरली होती. चेन पूर्ण उघडलेली नव्हती, नेमकी एक हात आत जाईल एवढीच सरकवलेली होती. त्या कारागिरीचे आधी नवल वाटले, राग मागाहून आला.

गेले ते एक छोटे पाकीट, त्यात ४० युरो आणि एक कार्ड. पुढच्या स्थानकावर उतरून आम्ही मोबाईलवरून कार्ड बंद केले आणि मग पोलीस ठाण्यात जाऊन लेखी तक्रार नोंदवली, कारण त्या कागदाशिवाय प्रवासविम्याचा दावा पुढे सरकत नाही. पाकीट परत मिळण्याची आशा आम्ही ठेवली नव्हती. स्पेनच्या दंडसंहितेनुसार ४०० युरोंपर्यंतची चोरी किरकोळ गुन्ह्यात मोडते आणि तिला सहसा दंडाचीच शिक्षा होते, त्यामुळे हा धंदा का टिकून आहे याचे फारसे कोडे उरत नाही. त्या रात्री आम्ही कार्डे दोन ठिकाणी विभागली आणि दोघींचे पासपोर्ट एकाच पिशवीत ठेवण्याची जुनी सवय सोडली. गाडीत मात्र त्यानंतर दारापाशी उभ्या राहिलो नाही. कोणी अकारण थबकले, नकाशा पुढे केला किंवा कपड्यावर डाग पडल्याचे सांगू लागले, की आधी हात बॅगेवर जाई आणि मग नजर त्या माणसाकडे.

शेवटचा दिवस बार्सिलोनेताच्या किनाऱ्यावर घालवला. या शहराच्या समुद्रकाठाचा बराच भाग १९९२च्या ऑलिंपिकपूर्वी कारखान्यांनी आणि रेल्वेरुळांनी अडवलेला होता, हे आजच्या गर्दीकडे पाहून खरे वाटत नाही. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक अगदी थोडा असतो. त्यामुळे वेळापत्रक पाहूनच पाण्यात उतरायला शिकलेल्या आम्हाला तो निरुपद्रवी वाटला, पण खांबावर त्या दिवशी पिवळा बावटा होता. हिरवा असेल तर खुशाल पोहावे, पिवळा असेल तर जपून, आणि लाल असेल तर पाण्यात उतरूच नये, असा तिथला संकेत आहे. बहिणीने पोहण्यासाठी जीवरक्षकाच्या समोरचीच जागा निवडली.

दोघींनी एकदम पाण्यात जायचे नाही, हे आधीच ठरले होते. ती कंबरभर पाण्यात लाटा झेलत होती आणि मी बॅगेचा पट्टा घोट्यात अडकवून वाळूत बसले होते. शेजारच्या चटईवर दोन मोबाईल आणि एक पर्स उघड्यावरच पडली होती, मालक कुठेच दिसत नव्हते. बहीण बाहेर येऊन केस पिळू लागली, तशी मी पट्टा सोडवून तिच्या पायात अडकवला आणि पाण्याकडे निघाले.