दुसरा उद्गार

रविवार, रात्री

उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेत, येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांपैकी दुसऱ्यावर बोलणं माझ्याकडे आलंय. दुपारपासून लूकच्या शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय उघडून बसले आहे आणि मन येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या त्या चोरापाशी अडकलंय.

त्याच्याकडे काय होतं? बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजन नाही, दशांश दान नाही. एखादं सत्कर्म करून मागचं भरून काढावं, तर हात वधस्तंभाला जखडलेले. आपल्याला मिळालेली शिक्षा योग्यच आहे, एवढं तो कबूल करतो आणि शेजारी मरणाऱ्या येशूला म्हणतो, माझी आठवण ठेव. उत्तर येतं, आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. त्या तारणात, पापातून झालेल्या त्या सुटकेत, त्याचं स्वतःचं काहीच नाही, सगळं येशूचं. हे वाचताना आजही माझे डोळे भरून येतात.

कुणी म्हणेल, तो गुन्हेगार, शेवटच्या घटकेचा विश्वासी, त्याची गोष्ट वेगळी. मला तसं वाटत नाही, आणि ते पंडिता रमाबाईंमुळे. कोलकात्याच्या विद्वानांनी गौरवलेली ही बाई. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला तिचा बाप्तिस्मा झाला, १८८९ मध्ये तिने मुंबईत शारदा सदन काढलं. विद्वत्ता, त्याग, सेवा, कशातच उणं नाही. तरी आपल्या साक्षीत ती सांगते की बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर तिला कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचं जीवन जो ख्रिस्त, तो सापडलेला नाही. शेवटी तीही रिकाम्या हातांनीच त्याच्याकडे आली. त्या चोरासारखी.

सेवा काही थांबली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आली, केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं, मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र तिने मराठीत आणलं. पण यातलं काहीही तिने तारणाची किंमत म्हणून केलं नाही. ती किंमत वधस्तंभावर आधीच चुकती झाली होती.

आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्गणी, कमिट्या, सणाची तयारी यांवर तासन् तास बोललं जातं. ते लागतंच. पण ख्रिस्त त्यात मागे पडला तर उरलेल्याने एकाही माणसाचं तारण होणार नाही, हे मला शुक्रवारी स्पष्ट म्हणायचंय. दहा मिनिटं मिळणार आहेत. वेळ कमी पडला तर रमाबाईंचा भाग आटोपता घेईन, चोराचा नाही.