दुसरा पगार

"आणि दुसरा पगार कुणाचा?" भाड्याचं घर दाखवणाऱ्या एजंटने फॉर्मवरून नजर न उचलता विचारलं.

दुसरा नाहीच म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. उद्धटपणा अजिबात नव्हता. उलट आवाज मऊ झाला, आजारी माणसाशी बोलताना होतो तसा. "मग शेअरिंगमध्ये बघू या का?"

चाळिशीत शेअरिंग. बरं.

भाडं पगाराच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा, हा सल्ला सगळे देतात. त्याचं मूळ अमेरिकेतल्या सरकारी घरांत आहे. १९६९ मध्ये तिथल्या भाड्याला कुटुंबाच्या उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली, १९८१ मध्ये ती ३० वर नेली. म्हणजे बंधन भाडं घेणाऱ्यावर होतं! आता मात्र आकडा ओलांडला की आपल्यालाच हिशेब जमत नाही असं ऐकवतात.

शिवाय एकट्याला अर्धं स्वयंपाकघर कोण देतं? डिपॉझिट, इंटरनेट, सगळं पूर्णच भरायचं. दोन पगारवाल्यांचंही सोपं नाही, मान्य. पण एक थांबला तर दुसरा असतो.

एकट्याने राहणाऱ्यांनो, तुमच्या पगारातले किती टक्के भाड्यात जातात? खरं सांगा हं.