नोंदणी शंभर रुपयांत झाली, दमवलं पाण्यानं

मालवणजवळच्या खाडीत आमच्या बचत गटाचे शिणाणे, म्हणजे खाण्याचे शिंपले, वाढवायचे दोन तराफे आहेत. गावात विकत होतो तोवर कुणी कागद विचारला नाही. २०२२ मध्ये एका हॉटेलवाल्याशी बोलणं झालं, तेव्हा तो म्हणाला, "ताई, बिलावर एफएसएसएआयचा नंबर हवा." म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा.

वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत, म्हणजे तेव्हाच्या नियमानं परवाना नको, नोंदणी पुरे. पुतण्यानं प्राधिकरणाच्या फॉस्कॉस या संकेतस्थळावर अर्ज भरला. फोटो, ओळखपत्र, वर्षाचे १०० रुपये. आता १४ आकडी नंबर आला की झालं, अशा समजुतीत होतो, तर अन्नसुरक्षा अधिकारी पाहणीला आल्या. पहिलाच प्रश्न, "माल धुता कुठे?"

"जेटीवर."

जेटीला लागूनच गावचं गटार खाडीत उतरतं. आम्हाला त्यात कधी वावगं दिसलंच नव्हतं. चिखल गेला की माल स्वच्छ!

पण शिणाणे पाणी गाळूनच खातात. गटारातले जंतू पोटात साठतात, मग कवच कितीही घासा. म्हणून टाकी बांधली. गाळलेलं, अतिनील दिव्याखालून फिरवलेलं खारं पाणी, त्यात जाळीच्या टोपल्या तळापासून वर, आणि जिवंत माल दोन दिवस उपाशी. घाण ते स्वतःच बाहेर टाकतात. पहिल्या खेपेला आम्ही भरल्या टाकीतून टोपल्या ओढल्या, तळाचा गाळ ढवळला आणि दोन दिवसांची मेहनत वाया. आधी पाणी टोपल्यांच्या खाली उतरवायचं, मग उचलायच्या.

दुसरी फजिती बर्फाची. निळा बर्फ खाण्याचा नसतो, एवढं ठाऊक होतं; पांढराच आणला, पण थेट मालावर ओतला. वितळलेलं गोडं पाणी आत शिरलं आणि सकाळी अर्धे शिणाणे आ वासून मेलेले. आता बर्फ वेगळ्या ट्रेत, मालावर ओलं गोणपाट.

टाकीनं सगळंच निभत नाही. विषारी शेवाळाचं विष टाकीत धड जात नाही, शिजवूनही जात नाही. १९९७ मध्ये केरळात विळिंजमला शिणाणे खाऊन माणसं दगावली होती. मोठा पाऊस झाला किंवा पाण्याचा रंग बदलला की आम्ही काढणीच थांबवतो. हॉटेलवाला कुरकुरतो.

पाठवण्याआधी उघडा दिसेल तो प्रत्येक शिणाणा सुरीच्या मुठीनं ठोकते. मिटला तर टोपलीत, नाही तर खड्ड्यात. सासूबाई म्हणतात, "दार ठोठावतंस की काय गो?"