क्रॉसिंगला थांबलेली रेषा

कोकणातल्या पोराला आलेखावरची चढती रेषा दाखवा आणि विचारा, काय चाललंय? उत्तर येतं, "गाडी घाट चढतेय." त्यात त्याचा काय दोष! चिपळूणहून कराडला जायचं तर कुंभार्ली, रत्नागिरीहून कोल्हापूरला जायचं तर आंबा. कुठेही निघालं की आधी चढायचं, हे आम्ही एसटीच्या खिडकीशी बसून शिकलेलो असतो. माझ्या नववीतल्या भाचीनेही तेच उत्तर दिलं आणि वर पुस्ती जोडली, "मावशी, इथे रेषा आडवी झाली ना, म्हणजे गाडी घाटमाथ्यावर पोचली."

गंमत अशी की खऱ्या घाटाचा अंतर-काल आलेख काढायला बसलं तर तो नेमका उलटा वागतो. चिपळूणहून निघालेली एसटी सपाटीला समजा २० मिनिटांत १५ किलोमीटर गेली. म्हणजे ताशी ४५. पुढे घाट लागला, ड्रायव्हरने गिअर पाडला, इंजिन कण्हायला लागलं आणि तेवढ्याच २० मिनिटांत जेमतेम ७ किलोमीटर झाले. म्हणजे ताशी २१. कागदावर पहिला तुकडा चांगला ताठ, दुसरा लोळलेला. रस्ता जिथे अंगावर येतो तिथेच रेषा आडवी व्हायला लागते! कारण उभ्या अक्षावर उंची नाहीच, कापलेलं अंतर आहे. आणि आडव्या अक्षावर जमीन नाही, वेळ आहे. अंतरातल्या फरकाला वेळेतल्या फरकाने भागलं की रेषेचा चढ मिळतो, आणि तोच वेग. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरवर दबकत येते, तेव्हाही रेषा चढतीच राहते. कापलेलं अंतर काही परत कमी होत नाही.

पुस्तकातली ती "एक मोटार सरळ रेषेत जात आहे" मला कधीच आवडली नाही. तिला ना गाव, ना थांबा, ना उशीर. माझ्या मते हा धडा कोकण रेल्वेवर शिकवावा. रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ला पूर्ण खुला झाला, आणि रोहा-वीर टप्पा दुहेरी झाला तरी बाकीचा बहुतेक मार्ग एकेरीच आहे. अशा मार्गावर गाड्या चालवायच्या तर कंट्रोलला आलेख लागतोच. एका बाजूला स्टेशनं आपापल्या अंतराप्रमाणे, दुसऱ्या बाजूला घड्याळ, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेषा. एकोणिसाव्या शतकात एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिस ते लियाँ मार्गाचा असाच तक्ता आपल्या ग्रंथात छापला होता. तो बघितला तर आजच्या रेल्वेवाल्याला काही समजावून सांगावं लागणार नाही.

आम्ही वहीच्या जोडपानावर छोटा तक्ता काढला. तळाशी चिपळूण, वर रत्नागिरी, मध्ये सावर्डे, आरवली, कडवई, संगमेश्वर, उक्षी, भोके. इथे उभ्या अक्षावर कापलेलं अंतर नाही, चिपळूणपासूनचं अंतर आहे. म्हणून रत्नागिरीकडे जाणारी गाडी वर चढते, मुंबईकडे जाणारी खाली उतरते. उतरत्या रेषेचा वेग ऋण. पण तळाशी रत्नागिरी लिहिलं असतं तर हीच गाडी धन झाली असती, हे कळल्यावर भाचीला ऋण चिन्हाची भीती वाटेनाशी झाली.

मग खरी मजा. वर जाणारी आणि खाली येणारी रेषा कुठेतरी एकमेकींना छेदणारच, आणि एकेरी मार्गावर तो छेद स्टेशनातच पडला पाहिजे. दोन स्टेशनांच्या मध्ये पडला तर काय, ते बोलायलाही नको. म्हणून एकीला संगमेश्वरला थांबवायचं. तिची रेषा तिथे आडवी होते: अंतर तेवढंच, वेळ मात्र चाललाय. त्या आडव्या तुकड्यात काय काय असतं! चहावाल्याच्या दोन फेऱ्या होतात, कोणी बाटली भरायला उतरतो, आणि दारात उभे राहून सिग्नलकडे माना वेळावणारे दोघे-तिघे तर प्रत्येक डब्यात. "क्रॉसिंग आहे," एवढं म्हणून सगळे शांत बसतात. चढ शून्य, वेग शून्य.

"आणि रेषा सरळ उभीच काढली तर?" भाचीने विचारलं. मग एकाच क्षणी गाडी चिपळूणलाही आणि रत्नागिरीलाही. गणपतीला निघालेल्या चाकरमान्यांची मागणी साधारण हीच असते.

चिपळूणलाच उशिरा सुटलेली पण नेहमीच्या वेगाने धावणारी गाडी म्हणजे मूळ रेषेला समांतर, फक्त उजवीकडे सरकलेली. पावसाळी वेळापत्रकात वेगच कमी करतात, तेव्हा रेषा कलंडते. उक्षी-भोके दरम्यानचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा मात्र या तक्त्यात शोधून सापडणार नाही. रुळांचा चढ १५० मीटरला १ मीटर एवढाच राखायचा म्हणून आख्खे डोंगर पोखरले, पण आलेखाला त्याचं काही सोयरसुतक नाही.

रेषा सरळ नसून वळणदार असेल तर एकेका क्षणाचा चढ बघायचा. त्यासाठी आमच्याकडे खाडी आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास, एवढं इथे बहुतेकांना येतं. पण पाणी दर तासाला सारखं चढत नाही. ओहोटी ते भरती २४० सेंटिमीटरचा फरक धरला, तर ढोबळमानाने पहिल्या तासात २०, मग ४०, ६०, ६०, ४० आणि शेवटी पुन्हा २०. पाणी सर्वांत उंच असतं त्या क्षणी त्याचा चढण्याचा वेग शून्य. सर्वांत जोर असतो तो अर्ध्या पाण्याला. उंची वेगळी आणि चढ वेगळा, हे सूत्रापेक्षा खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढायला गेलेली बाई लवकर सांगेल. घोट्याएवढं पाणी गुडघ्याला कधी लागलं हे कळतच नाही, ते याच मधल्या तासांत.

एवढं जमलं की वेग-काल आलेख समोर ठेवावा, आणि सगळं पुन्हा पालथं पडतं. इथे उभ्या अक्षावर वेगच असतो, त्यामुळे वरच्या बाजूची आडवी रेषा म्हणजे थांबलेली नव्हे, एकसमान वेगाने धावणारी गाडी. थांबलेली गाडी पार तळाला, अक्षावर लोळत पडते. चढ आता त्वरण, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतोय ते सांगतो, आणि रेषेखालचं क्षेत्रफळ अंतर. भोके सोडून रत्नागिरीत शिरताना ब्रेक लागले की रेषा खाली उतरते, पण गाडी पुढेच जात असते. भाचीने तिथे लिहिलं होतं, "गाडी चिपळूणला परत निघाली." तिला म्हटलं, रेषा अक्षाच्या खाली गेली का बघ. नव्हती गेली. तिने ते खोडलं आणि लिहिलं, "ऋण त्वरण. उतरायची तयारी करावी."